प्लायवूडच्या सोळा फळ्या

सोमवारी सकाळी दिनकर गेले. मी चहा ठेवला होता. हाक मारली. ओ आली नाही. दुपारी मुलगा पुण्याहून आला आणि चार वाजता त्यांना नदीवर नेलं.

त्याला दीड महिना झाला. पन्नास वर्षांच्या संसारात मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही. ‘अहो’वर भागलं. इथे नाव लिहिते आहे, कारण कागदावर ‘अहो’ ऐकायला कुणी नसतं.

उसाचा हंगाम सुरू झाला आहे. उंब्रजच्या आमच्या घरासमोरून ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे जातात. वळणावर चार ऊस खाली पडतात, मागच्या गाड्या त्यांच्यावरून जातात आणि दुपारपर्यंत रस्ता चपलेला चिकटायला लागतो. वारा फिरला की मळीचा वास घरात येतो. गोड म्हणावा तर आंबट, आंबट म्हणावा तर जळका. हा वास मी दरवर्षी घेतला आहे, पण त्याच्यासोबत मी जाते ती एकाच वर्षात. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. तेव्हा ट्रॅक्टर मोजके, बैलगाड्या फार. मी गावातल्या शाळेत शिकवत होते. मुलांचे खिसे उसाच्या कांड्यांनी फुगलेले असायचे आणि वह्या तपासायला घेतल्या की पानं एकमेकांना चिकटलेली असायची. निबंध वाचायच्या आधी तो हलक्या हाताने सोडवावा लागे.

त्या हंगामात दिनकरांनी आमच्या सोप्यातली भिंत केली. म्हणजे भिंत होतीच, मातीची, पोपडे आलेली. तिच्यावर त्यांनी दुसरी चढवली. बारा फूट रुंद, आठ फूट उंच. बघणाऱ्याला वाटतं, सोळा आडव्या फळ्या एकीवर एक बसवल्या आहेत आणि दोन फळ्यांच्या मध्ये बारीक फट सोडली आहे. खरं तर फळी एकही नाही. प्लायवूडचे तीन मोठे तुकडे आहेत आणि त्यांच्यावर यंत्राने ओढलेल्या खाचा आहेत.

मी आता तिच्यासमोरच बसून लिहिते आहे.

दिनकर फौजेच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम शिकले होते. डोंगरातल्या एका छावणीत त्यांनी लाकडी घरं पाहिली, आडव्या फळ्यांची, आतून उबदार. पुढे फळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा तिथल्याच एका उस्तादाने त्यांना प्लायवर खाचा पाडून फळ्या दाखवायची रीत शिकवली. पूर्वेकडच्या लढाईच्या वर्षी ते घरी आले, उजवा पाय अधू होऊन. गावाने पहिला प्रश्न केला, “गोळी कुठं लागली?” दिनकर म्हणाले, “गोळी न्हाई. वर्कशॉपात ओंडका पडला पायावर.” ऐकणाऱ्यांचे चेहरे पडले. एक जण तर म्हणाला, “आरं, गोळी म्हणायला तुझं काय जातंय गड्या?” त्यांनी कधी म्हटली नाही. लग्न ठरवताना मलाही ओंडकाच सांगितला होता. मी साताऱ्याच्या एका कारकुनाची मुलगी, पुस्तकात मान घालून वाढलेली. मला वाटतं, त्या ओंडक्यामुळेच मी होकार दिला.

त्या पायाने सरीतून चालणं जमेना. ओल्या रानात पाऊल रुतलं की ते तिथेच उभे राहत आणि कुणी बघत नाही ना ते बघत. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायची, हे सगळं लांबून पाहत होते. त्यांनी कारखान्यात शब्द टाकला आणि गेटवर राखणदाराची जागा जवळजवळ पक्की केली. स्टुलावर बसायचं, गाड्या आत सोडायच्या. संक्रांतीनंतर हजर व्हायचं.

“मला त्ये नगं,” दिनकर म्हणाले. “मी सुतारकाम करतो.”

मामा जेवत होते. त्यांनी भाकरी खाली ठेवली. “आपल्यात कोन सुतार झालाय? फौजेत धाडला त्यो बंदूक घिऊन यायचा सोडून रंधा घिऊन आला.”

“बंदूक सरकारची हाय आबा. रंधा माझा हाय.”

मामा हात धुऊन उठले आणि जाताना मला म्हणाले, “पोरी, तू शिकलीयास. सांग त्याला. स्टुलावर बसायला पाय लागत न्हाईत.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. म्हणून तर ते जास्त लागलं. मी दिनकरांना काही सांगितलं नाही. स्टुलावर बसलेले दिनकर मला डोळ्यांसमोर आणताच येईनात. त्यांचे हात मोकळे असले की ते काहीतरी शोधत. अंथरुणाची किनार, माझ्या पुस्तकाचा पुठ्ठा.

मलकापूरचे कासमभाई मिस्त्री म्हणजे त्या भागातले जाणते सुतार. निम्म्या गावांचे दरवाजे त्यांच्या हातचे. दिनकर काम मागायला त्यांच्याकडे गेले, मीही सोबत होते. कासमभाईंनी प्लायचा तुकडा बोटाने वाजवला आणि हसले.

“फौजी, ह्यो पुठ्ठा हाय. पुठ्ठ्याला कवा भित म्हणत्यात व्हय?”

“बघून तर ठरवा, मिस्त्री.”

“बघतो की. सांगलीचे एक हळदीचे शेठ नवी पेढी बांधायल्यात. त्यास्नी आतनं फळ्यांची भित पायजे. तसलं लाकूड मला गावंना. तू तुज्या घरात एक भित करून दाव. मला पटली तर शेठला तुज्या दारात आनतो.”

“आन् न्हाई पटली तर?”

“तर गेटावर बस. मी गाडी घिऊन आलो की सलाम ठोक मला.”

परतीच्या एसटीत दिनकर खिडकीबाहेर बघून हसत होते. मला मात्र हसू आलं नाही. एका भिंतीवर एका माणसाचे पुढचे सगळे दिवस टांगायचे, हे मला पटत नव्हतं. पण दुसरी काही भिंत आमच्याकडे नव्हती.

काम गोठ्यात चाललं. जनावरं शेतावर नेली, मधली जागा झाडून घेतली, आणि खाली दोन बाकं टाकून त्यांच्यावर प्लाय आडवं केलं. राऊटर त्यांनी फौज सोडताना पुण्याच्या जुन्या बाजारात घेतला होता. दोन्ही हातांनी धरायचं यंत्र, खाली फिरणारं पातं. सुरू केलं की लाकडात शिरणाऱ्या भुंग्यासारखा आवाज, फक्त शंभर पटीने. गल्लीतल्या बायकांनी त्याचं नाव भुंगाच ठेवलं. “आज भुंगा बसला का गं?” असं मला नळावर विचारत.

अडचण विजेची होती. शेतावरच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्या गोठ्यातला दिवा तांबडा पडायचा आणि भुंग्याचा आवाज घोगरा व्हायचा. पातं मंद फिरलं की लाकूड कापत नाही, भाजतं. दुपारी बारा ते तीन मोटारी बंद असत. मी मधल्या सुट्टीत शाळेतून धावत यायची आणि सरळ पट्टी घट्ट धरून बसायची. त्या पट्टीच्या कडेकडेने दिनकर यंत्र सरकवत. अधू पाय मागे, भार चांगल्या पायावर, श्वास रोखलेला. आठ फुटांची एक खाच एका दमात. मध्ये थांबलं की तिथे भोवरा पडतो. शेवटाला पोचले की ते श्वास सोडत आणि मीही सोडत असे. तोवर मीही धरलेला असायचा.

प्लायच्या भुश्याला डिंकाचा वास येतो. माझ्या लुगड्याला तो वास, वर मळीचा वास, आणि तशीच मी वर्गात जाऊन कविता शिकवायची. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, तुमचा वास नव्या कपाटासारखा येतोय.” त्या मुलीला मी अजून विसरलेले नाही.

एके दिवशी कुणीतरी वेळेआधी मोटार लावली. दिवा तांबडा पडला, दिनकरांना थांबता येईना, आणि तिसऱ्या फळीच्या कडेला वीतभर डाग भाजून बसला. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, “रंगात जाईल.” ते म्हणाले, “रंगात जाईल. माज्या मनातनं कसं जाईल?” डाग आजही आहे. अंगठा फिरवला की लागतो.

दुसरी एक गोष्ट मात्र माझी आहे, आणि ती मी सांगणार आहे. प्लाय आठ फूट लांब, भिंत बारा फूट. म्हणजे आठ फुटांवर एक उभा जोड येणार, आणि तिथे एकाखाली एक सोळाही फळ्या एकाच रेषेत तुटलेल्या दिसणार. खऱ्या फळ्या असं कुणी बसवत नाही. दिनकर दोन दिवस यावर विचार करत होते. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात वाचनालयातलं पुस्तक होतं, मी पानाकडे बघत होते आणि बघता बघता ओळी दिसल्या, शब्द नाही. ओळीत शब्द वेगवेगळ्या ठिकाणी संपतात, म्हणून पानावर उभी चीर दिसत नाही. मी पुस्तक उपडं ठेवलं आणि म्हटलं, “अहो, एक सोडून एक फळी फूटभर आखूड कापा. दुसऱ्या तुकड्याची तेवढीच लांब ठेवा. दोन्ही हातांची बोटं गुंतवावीत तसे तुकडे एकमेकांत बसतील.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खडू घेतला आणि जमिनीवर काढून पाहिलं.

“मास्तरीणबाई,” ते म्हणाले, “तुमाला फौजेत घ्यायला पायजे हुतं.”

माझं इतकं कौतुक कुणी केलेलं नव्हतं, त्यानंतरही फारसं कुणी केलं नाही. जोड अजून तिथे आहे. कुठे आहे ते मला ठाऊक आहे आणि तरी शोधावा लागतो.

तुकडे भिंतीवर चढले. काव आणि जवसाच्या तेलाचा हात दिला, खाचांत मी बारीक कुंचल्याने काजळी भरली. काळ्या रेघांनी फळ्या एकदम सुट्या झाल्या. मामा येता-जाता भिंतीकडे बघायचं टाळत. पण एकदा मी त्यांना पाण्याचा तांब्या घेऊन उगाचच तिथे उभं राहिलेलं पाहिलं.

या सगळ्या दिवसांत माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, घरात नव्हत्या. धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला फलटणला गेल्या होत्या. सव्वा महिन्याने त्या परत आल्या, नेमक्या ज्या दिवशी कासमभाई शेठना घेऊन येणार होते त्या सकाळी. मामा रानात होते. दिनकर पाहुण्यांना आणायला एसटी स्टँडवर गेले होते. मी शाळेतून सुट्टी मागून घरी पोचले आणि उंबऱ्यातच थांबले.

भिंतीवर पांढऱ्या रेघा होत्या.

आत्याबाई स्टुलावर चढल्या होत्या. हातात धुण्याचा साबण चुन्यात मळून केलेला गोळा. अंगठ्याने त्या एकेक खाच दाबून दाबून भरत होत्या. बारा भरून झाल्या होत्या.

“आत्याबाई, हे काय करताय?”

“काय म्हंजे? एवढ्या फळ्या बसवल्यासा आन् फटी तशाच? लेकीच्या घरात रात्रभर ढेकणांनी झोपू दिलं न्हाई मला. फळीला फट दिसली की ढेकूण बिऱ्हाड करतोय, येवढं शिकून तुला ठावं न्हाई व्हय?”

तेव्हाच्या आमच्या घरांत ही रीत होती. पलंगाच्या, पाटाच्या, दाराच्या फटीत साबण भरायचा. नवं लाकूड घरात आलं की आधी साबण. मला रडू येईल असं वाटत होतं. चिंधी शोधायला मी वळले तर अंगणात चपला वाजल्या.

कासमभाई पुढे, मागे पांढऱ्या टोपीतले शेठ, त्यांच्या बोटांना हळदीचा पिवळेपणा, आणि शेवटी दिनकर. दिनकरांनी भिंत पाहिली. मला वाटलं, ते आईला बोलतील. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग तेवढा उतरला.

कासमभाई भिंतीजवळ गेले. नखाने थोडा साबण काढला, हुंगला.

“आक्का, ह्ये कुनी भरलं?”

“मी भरलं. फटीत ढेकूण हुतील न्हवं?”

“फटी कुटं हाईत आक्का?”

“आंधळा झालास का कासम? ह्या फळ्या, ह्या फटी.” आत्याबाईंनी स्टुलावरूनच हात फिरवून दाखवलं.

कासमभाई जमिनीवर बसले आणि पोट धरून हसले. डोळे पुसत शेठना म्हणाले, “शेठ, मी आता काय बगू? मला कळतंय, कारन माजा जल्म लाकडात गेलाय. पर ह्या बाईनं चाळीस वर्सं लाकूड पुसलंय, रंगवलंय, ढेकूण मारल्यात. तिनं साबन भरला. निकाल लागला की हितं.”

आत्याबाईंना काही कळेना. “का हसताय रं मेल्यांनो?”

शेठ मात्र हसले नाहीत. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला. “म्हणजे या फळ्या नाहीत?”

इथे गप्प बसता आलं असतं. कासमभाईंनीही कदाचित सांभाळून घेतलं असतं. दिनकर म्हणाले, “न्हाईत. प्लाय हाय. तीन तुकडे. वर खाचा पाडल्यात.”

“दिसते सुरेख. पण पेढीत लावली तर उद्या लोक म्हणतील, शेठनं खोटी भिंत लावली. आमच्या धंद्यात खोट हा शब्द वाईट.”

मी दिनकरांकडे बघत होते. त्यांचे हात मोकळे होते आणि धरायला काही नव्हतं. तेवढ्यात आत्याबाई स्टुलावरून उतरल्या. कुणाचं काय पणाला लागलंय याची त्यांना गंधवार्ता नव्हती. त्या फक्त चिडल्या होत्या.

“खोटी कशी वो? भित हाय न्हवं? उभी हाय न्हवं? ज्यानं केली त्यो इचारल्यावर खरं सांगतोय न्हवं? मग खोट कुटं ऱ्हायली?”

रस्त्याने एक उसाची गाडी गेली, बैलांच्या घुंगरांचा आवाज लांबपर्यंत ऐकू आला. शेठनी पुन्हा तळवा फिरवला, या वेळी सावकाश, फळीच्या दिशेने.

“संक्रांत झाली की सांगलीला या,” ते म्हणाले. “माप घ्यायला. कुणी विचारलं तर मीही प्लायच सांगेन.”

कासमभाई उठले, धोतर झटकलं. “चला, दिनकर मिस्त्री,” ते म्हणाले, “चा पाजा आता.” त्या दिवसापर्यंत त्यांनी दिनकरांना फौजीशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

मामा उन्हं कलल्यावर आले. आत्याबाईंनी सगळं सांगितलं, अर्धं रागाने, अर्धं हसत. मामांनी ऐकून घेतलं. मग ते बाहेर गेले, बाभळीचा एक लांब काटा मोडून आणला, भिंतीशी मांडी घातली आणि खालच्या खाचेपासून साबण काढायला लागले. दिनकर म्हणाले, “आबा, ऱ्हाऊ द्या, मी करतो.” मामांनी मान वर केली नाही. “तू बस. पाय दुखत असंल.” दिवेलागणीपर्यंत ते एकेक खाच साफ करत होते, काजळी निघू नये म्हणून जपून, शेतातली निंदणी करावी तसं. कारखान्याला नकार कळवायला दुसऱ्या दिवशी ते स्वतः गेले. तिथे काय बोलले ते आम्हाला कधीच सांगितलं नाही.

सांगलीची पेढी झाली. तिच्यानंतर मिरजेत, कराडात, साताऱ्यात भिंती झाल्या. किती भिंती त्यांनी केल्या याची मोजदाद आमच्यापैकी कुणी ठेवली नाही. आत्याबाई त्यानंतर पंधरा वर्षं होत्या आणि ‘माझ्यामुळं त्याचा धंदा लागला’ असं आल्यागेल्याला सांगायच्या. ते खरंच होतं.

दहाव्याला सोप्यात माणसं बसली होती, पाठी भिंतीला टेकून. भावकीतली एक नवखी सून म्हणाली, “किती छान सागाची भिंत आहे.” तिला नुकतंच दुःख झालेल्या घरात काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मी म्हटलं, “प्लाय आहे बाळा. ह्यांनी केली.” ती वळून बघायला लागली, तिच्याशेजारची बघायला लागली, आणि त्या दुःखाच्या बैठकीत पाच-सहा बायका खाचांवरून बोटं फिरवत बसल्या. मला त्या क्षणी रडू आलं नाही. मान ताठ झाली होती.

मागच्या आठवड्यात मृत्यूची नोंद करायला मुलगा मला ग्रामपंचायतीत घेऊन गेला. तिथला एक पोरगा फॉर्म भरत होता. नाव, वय, पत्ता. मग ‘व्यवसाय’ आला. माझा मुलगा म्हणाला, “माजी सैनिक लिहा.”

मी म्हटलं, “सुतारकाम लिहा.”

“आवं काकू,” तो फॉर्म भरणारा म्हणाला, “सैनिक बरं दिसतंय.”

“दिसत असेल. सैनिक ते नऊ वर्षं होते. सुतारकाम त्यांनी चाळीस वर्षं केलं.”

माझ्या मुलाने माझ्याकडे बघितलं. मग त्याने मान डोलावली, आणि त्या पोराने लिहिलं. मी प्रत मागून घेतली.

आता घरात मी आहे आणि भिंत आहे. फॉर्मची प्रत माझ्या कपाटात आहे, व्यवसायापुढे सुतारकाम असं लिहिलेली.